आगाऊ डबा

रिकाम्या पडवीत पखवाज वाजत होता, आणि ज्यांच्या गाण्याला तो साथ करत होता ते तेर्सेकरबुवा रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये अर्ध्या दाढीला साबण लावून बसले होते. ही गोष्ट सांगायला लागलो की लोक म्हणतात, दाजी, आता पुरे. आमच्या आंबेखोल गावात माझ्या शब्दाला फारशी किंमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बुवांनी लावलेल्या सुराने देवळासमोरच्या माडाचा नारळ बरोबर समेवर पडला, असं मी एकदा सांगितलं होतं. त्यात नारळ खरा होता, पडलाही खरा. समेच्या जरा अलीकडे पडला एवढंच. पण सलूनची गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. अंकुश न्हावी साक्षीला आहे. वस्तरा त्याच्याच हातात होता.

आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. देवाचं नाव घेत घेत एकमेकांचे वाभाडे काढायचे, तेही तालात आणि जागच्या जागी रचून. आमचे बुवा भालचंद्र तेर्सेकर पेटीवर बसायचे आणि गायचे. मी झांजेवर. आणि पखवाजावर बुवांची मुलगी वैजयंती, म्हणजे वैजू.

वैजूची आई गेली तेव्हा ती शाळेत होती. बाप-लेकीला एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून बुवा गायला बसले आणि ती पखवाजाला बसली. तेव्हापासून त्या घरात जे काही बोलणं व्हायचं ते तिथेच. ती रुसली की ठेका जड वाजवायची. आमटीत मीठ जास्त पडलं तर बुवा दुसऱ्या दिवशी अभंग दोन सूर चढे घ्यायचे. ती कॉलेजला जाणार हेसुद्धा तिने त्यांना एका तिहाईत, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येत, सांगितलं, असं मी म्हणतो. बुवा ते नाकारत नाहीत.

मग ती नॉर्वेला गेली. मासे तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. आमच्या बंदरावर तपासायला मासे नव्हते काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "दाजीकाका, हयचे मासे तपासूच्या आधीच तुमी खातास." तिथे तिने लग्न केलं, मुलगी झाली. फोन आला की "जेवलंस?" "जेवलंय." "पाऊस?" "बर्फ." एवढं होऊन दोघं गप्प. बुवा फोन कानाला तसाच धरून बसायचे, समोरून ठेका येईल म्हणून.

ज्या वर्षी आमच्याकडे बिनड्रायव्हरची एसटी यायला लागली (कंडक्टर ठेवला, कारण भांडायला माणूस लागतो), त्या वर्षी वैजू सुट्टीवर आली ती दोन डबे घेऊन. दिसायला जेवणाच्या डब्यासारखे, वर एक बारीक दिवा. एक इथे राहणार, एक ती परत नेणार.

"ह्याच्यात काय आसा?" बुवांनी विचारलं.

"मी आसंय," वैजू म्हणाली.

समजावून सांगायला तिने आम्हाला मळ्यात नेलं. बुवांना एका बांधावर उभं केलं, मला झांज घेऊन पार दुसऱ्या टोकाला.

"वाजवा, दाजीकाका. बाबानू, तुमी टाळी धरा."

मी वाजवतोय, बुवा टाळी देतायत, आणि दोन्हींचं काही जमेना. मला वाटलं, बुवा म्हातारे झाले. बुवांना वाटलं, मी नेहमीसारखाच वाजवतोय. आम्ही एकमेकांसाठी थांबायला लागलो आणि लय चिखलात बसल्यासारखी बसत गेली. शेजारच्या मळ्यातला रेडा उठून निघून गेला.

"तुमचा काय चुकला नाय," वैजू म्हणाली. "आवाजाक मळो वलांडूक वेळ लागता."

इंटरनेटच्या तारेतून आवाज जात नाही, उजेड जातो, आणि उजेडापेक्षा जोरात धावणारं जगात काही नाही. पण काचेच्या तारेत शिरला की त्याचाही वेग तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. समुद्राखालून वळसे घेत, ठिकठिकाणच्या यंत्रांत थांबे घेत तो नॉर्वेला पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. बोलताना तो कळत नाही. भजनात तो पायात काटा मोडावा तसा कळतो. आणि हे यंत्र सुधारून जाणारं दुखणं नव्हे. उजेडाला आणखी जोरात पळ म्हणून सांगायची सोय कुणाकडेच नाही.

म्हणून तिकडच्या लोकांनी दुसरी वाट काढली. आवाज यायच्या आतच तो ओळखायचा. डबा समोरच्या माणसाचं वाजवणं महिनोन्‌महिने ऐकतो, त्याच्या सवयी पाठ करतो, आणि पुढची थाप कुठे पडणार याचा अंदाज घेऊन ती आधीच वाजवतो. मी खुर्चीत बसलो की काय बोलणार ते अंकुशला कसं ठाऊक असतं, तसं. मग खरा आवाज मागाहून पोचतो. तो अंदाजाप्रमाणेच निघाला तर दिवा हिरवा. वेगळा निघाला तर दिवा तांबडा होतो आणि डबा गुपचूप आपली चूक सावरून घेतो. मध्येच लाइन गेली, तर ती परत येईपर्यंत डबा नुसत्या अंदाजावर वाजवत राहतो.

"म्हणजे तू वाजवच्या आधी तुझो पखवाज माका आयकाक येतलो?" बुवा म्हणाले.

"होय."

"आगाऊच आसा मगे."

तेच नाव पडलं.

दर रविवारी दुपारी चारला तालीम सुरू झाली. तिकडे तेव्हा सकाळ असते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. वैजू तिकडच्या पिठाची कणीक मळायची आणि म्हणायची, "ही चिकाट नाय, बाबानू, सारखी पडता." अर्ध्या तालमीत ती थांबायची, कणीक ओली करायची, तिची थपथप इथे पडवीत ऐकू यायची. बुवा त्या थपथपीलाही मान डोलवायचे.

पहिल्या पहिल्यांदा दिवा सारखा तांबडा व्हायचा. वैजूच तशी. सगळे समेकडे निघालेत, आता ठेका येऊन पडणार, एवढ्यात ती वाट सोडून भलतीकडे वळायची आणि मागच्या दाराने समेवर हजर. डबा सरळ जायचा, मग तांबडा होऊन धडपडत मागे फिरायचा. बुवा मांडीवर थाप मारून ओरडायचे, "डबो फसलो! फसलो मेलो!" त्या तांबड्या दिव्यासाठी ते आठवडाभर वाट बघायचे. मला तर वाटतं, गाणं निमित्त होतं.

हळूहळू दिवा तांबडा होणं कमी झालं. डबा शिकला, असं आम्ही म्हणालो. दिवाळीनंतर बुवा मला म्हणाले, "दाजी, आता आमका दोघांकच बसूक दी, बारीक काम चल्लासा." मी बरं म्हणालो. रविवारी रस्त्याने जाता-येता पडवीतून पखवाज ऐकू यायचा, आणि काय सांगू, असा स्वच्छ पखवाज वैजूने आयुष्यात वाजवला नव्हता. दाराच्या फटीतून दिवा दिसायचा. सबंध हिरवा, देवघरातल्या समईसारखा स्थिर. बुवांचा आवाज काही यायचा नाही; मी समजलो, ती वाजवते आणि ते ऐकतायत.

शिमग्याच्या आधीचा एक रविवार. मी सलूनमध्ये माझ्या पाळीची वाट बघत होतो. समोर बुवांच्या पडवीत पखवाज रंगात आलेला. आणि खुर्चीवर कोण? तर बुवा.

"बुवानू, तुमी हय कशे?" मी विचारलं.

"दाढी करूक."

"नि थय पखवाज कोण वाजयता?"

"वैजू."

"नि गाता कोण?"

बुवांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. अंकुश म्हणाला, "तोंड हलवू नका, बुवानू, कान जायत." पण बुवा बोलले.

"वरचो सा लागणा नाय, दाजी. दिवाळीपासून. लावूक गेलंय की फाटता. वैजूक कळला तर ती थय बसून काळजी करतली. तिच्या डब्यात माझो गेल्या वर्षीचो आवाज आसा. बरो आसा तो. म्हणान मी चार वाजता हयची तार काढून ठेवतंय. तिचो डबो समाजता लाइन गेली, नि माझ्यासारखो गात रवता."

"नि हयचो डबो?"

"तेकाय वाटता लाइन गेली. तो तिच्यासारखो वाजयत रवता. रवांदे. लोकांक वाटता तालीम चालू आसा."

"म्हणजे ती बिचारी थय वाजयता, नि आयकणारो कोण नाय?"

 तेवढ्यात बुवांच्या खिशात फोन वाजला. हात गळ्यात बांधलेल्या कापडाखाली, म्हणून अंकुशने तो काढला, नाव वाचलं आणि एकदा फोनकडे, एकदा रस्त्यापलीकडच्या पडवीकडे बघितलं.

"वैजूचो फोन," तो म्हणाला. पडवीत वैजूचा पखवाज दुप्पट लयीत चाललेला. अंकुशने घाबरून बटण दाबलं आणि फोन आरशासमोर ठेवला.

वैजू बोलायलाच लागली. घाईघाईने, पाठ केल्यासारखी.

"बाबानू, तुमी आता गातास, फोन उचलूचे नाय, म्हणानच आता केलंय. हो निरोप मगे आयका. तोंडार सांगूक माका जमाचा नाय. पखवाज तीन महिने कपाटार आसा. खालच्या मजल्यावरची बाय तक्रार करता, चेडू, तुमची नात, झोपणा नाय, कणीक मळून ठेवलंय तर ता कणीक खाता. मी दर आयतवारी इंटरनेट बंद करतंय नि डब्याक तुमच्यासाठी वाजवूक सोडतंय. माझ्यापेक्षा बरो वाजयता तो. जत्रेच्या डबलबारीकय तेकाच बसवा. माका आता नाय जमणा, बाबानू. रागावू नका."

अंकुशचा वस्तरा हवेत.

"वैजू," बुवा म्हणाले.

पलीकडून बारीक आवाज. "बाबानू? तुमी गायत नाय?"

"दाढी करतंय."

"मगे हय माझ्या स्वयपाकघरात गाता कोण?"

"नि हय माझ्या पडवेत वाजयता कोण?"

अंकुशला हसू फुटलं. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तो वस्तरा पुसत बसला. पडवीतला पखवाज तिहाई घेऊन झोकात समेवर आला, आणि वैजूने फोन ठेवून दिला.

तीन महिने! मी हिशेब लावून बघत होतो. इथे एक डबा, तिथे एक डबा, मधली तार दोन्ही बाजूंनी तोडलेली, आणि दोन्हीकडे दर रविवारी भजन दणक्यात. दिवा हिरवागार, कारण तांबडा व्हायला खरा आवाज यायला लागतो. तू चुकलास, असं सांगायला पलीकडून कुणी आलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी पडवी गप्प होती. त्याच्या पुढच्याही.

इकडे जत्रा जवळ आली. सामना होता बिबवण्याच्या लवू खोचरेबुवांशी. खोचरे म्हणजे जिभेवर चुना लावून फिरणारा माणूस. सलूनमधली बातमी त्याच्याकडे आमच्या एसटीच्याही आधी पोचली. आमच्या उत्सव समितीची माणसं बुवांकडे आली आणि म्हणाली, "बुवानू, वैजू बसणा नाय तर डबो बसवा. वैजूसारखोच वाजयता, चुकणाय नाय. नि तुमचो आवाज बसलो आसात तर तिचो डबो मागवून घेवया. दोन डबे समोरासमोर ठेवले की खोचऱ्याचा काय चलाचा नाय."

बुवांनी त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर मला म्हणाले, "बरोबर बोलतत ते. दोन्ही डबे आमच्यापेक्षा बरे. पण दाजी, दोन डबे बाजूक काढले तर माझ्यात नि वैजूत काय उरता, ता सांग."

मी चहाच्या कपबशा गोळा करायला लागलो.

संध्याकाळी बुवांनी वैजूला फोन लावला, स्पीकरवर. मी त्यांच्याच ओट्यावर फणसाच्या आठळ्या सोलत होतो. मुद्दाम ऐकत नव्हतो. ऐकू येत होतं आणि मी उठलो नाही.

"काय करतंस?"

"कणीक मळतंय."

बुवा सरळ बसले. "पखवाजाक?"

"चपातेक."

"बरा. बर्फ?"

"आसा."

नेहमीची जागा आली, गप्प बसायची. मी आठळी सोलायचा थांबलो. मग वैजूच म्हणाली, "बाबानू, आवाज आयकवा तुमचो. खरो."

बुवांनी घसा साफ केला. एक ओळ घेतली. वर गेले आणि तिथे आवाज कापडासारखा फाटला. ते थांबले.

"आवशीन आयकल्यान असता," वैजू म्हणाली, "तर म्हटल्यान असता, गोठ्यात बघून येवा, म्हस कित्याक हंबारता ती."

त्या घरात आईचं नाव घेतलेलं मी कित्येक वर्षांनी ऐकलं. बुवा असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला, आणि मी आठळ्या टाकून पाणी आणायला धावलो.

"तुझोय हात आयकव," ते धापा टाकत म्हणाले.

"हात गेलो, बाबानू. आयकाक नको तसो झालो." पण तिने फोन बाजूला ठेवून पखवाज खाली काढला असावा, खुडबुड ऐकू आली, मग काही थापा. कोरड्या, कणकेशिवायच्या, अडखळत्या. बुवा डोळे मिटून ऐकत होते.

"बरो आसा," ते म्हणाले. "तुझो आसा."

"पण डब्याचो अंदाज बंद करून खराच वाजवलंय तर मी मागे पडतलंय."

"किती?"

"वायच."

"वायच मागे पडलंस तर वाट लागतली," बुवा म्हणाले. "पुरी मागे पड."

"म्हणजे?"

"आखो फेरो मागे पड. तो खोचरे काय माझ्याबरोबर गाता? माझी बारी झाली की मी गप रवतंय, मगे तो गाता. मी एक ओळ गातंय. ती तू सावकाश आयक, तिका साथ कर. ती साथ माका पुढच्या ओळीर येवंदे."

वैजू हळू म्हणाली, "डब्यात आवाज अडवून धरूची सोय आसा. बरोबर एक आवर्तन धरून सोडूक येयत. पण लय हलता कामा नये, बाबानू. केसभर पण नाय."

"लयेक दाजी आसा," बुवा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याबद्दल चांगलं बोललेलं मी ऐकलं, आणि तेही चोरून.

ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा. बुवा दुसरी ओळ गातायत आणि पखवाज येतोय पहिल्या ओळीचा. आपण करुणेने 'विठ्ठला' म्हणावं तर मागच्या ओळीची उडती तिहाई येऊन डोक्यावर आदळते. पहिले दोन रविवार नुसता गोंधळ. बुवा तिच्या आवाजासाठी थांबायचे आणि मी ओरडायचो, "थांबू नका! ती येतली! तुमी फुडे चला!" वैजूच्या खालच्या मजल्यावरच्या बाईला तिने शेवटी घरात बोलावूनच घेतलं, ती आता रविवारी बुवांच्या नातीला मांडीवर घेऊन पखवाजासमोर बसायची, म्हणजे तक्रार करायला खाली कुणी उरलंच नाही. हळूहळू बुवांना त्याची गोडी कळली. गाताना तिची साथ नसायची; पण पुढे गेल्यावर आपण मागे जे काही गायलो ते तिने कसं ऐकलं, ते यायचं. डब्याचा पखवाज त्यांच्या गाण्याला कधीच चुकला नव्हता. कारण तो त्यांचं गाणं ऐकतच नव्हता.

जत्रेच्या दिवशी दुपारी, नॉर्वेची सकाळ गाठायची म्हणून, चार वाजता सामना उभा राहिला. बुवांच्या शेजारी पखवाजाची जागा रिकामी. तिथे पाट, पाटावर डबा, आणि डब्यासमोर बुवांनी सवयीने कणकेचा गोळा ठेवलेला. अंदाज बंद होता, पण डबा मनातल्या मनात अंदाज करत राहणारच, त्याचा दिवा वैजूने मुद्दाम चालू ठेवायला लावला होता. पहिली बारी आमची होती; वैजूची पहिली थाप आली तसा तो दिवा तांबडा झाला. तो काही केल्या विझेना. गेल्या वर्षीच्या बुवांना साथ करणारी गेल्या वर्षीची वैजू त्याला पाठ होती. ही दोघं त्याच्या ओळखीची नव्हती.

खोचरेबुवांनी आधी देवाला वंदन केलं आणि मग आमच्याकडे वळले. पेटीवर बोटं नाचवत त्यांनी ओळ टाकली:

"लेक राहिली दर्यापल्याड, डबा बसला दारी,
बाप गातो, डबा वाजवी, कोणाची ही बारी?"

लोक हसले. आमचेही हसले. खोचऱ्याच्या मंडळाने ती ओळ उचलून पाच वेळा घोळवली. बारी आमच्यावर आली. मी झांज धरली. बुवांनी पेटीचा भाता ओढला, एक क्षण डब्याकडे बघितलं, आणि घेतली:

"उशिरा येते लेक माझी, थांबतो मी दारी..."

'थांबतो' वर ते वरच्या षड्जाला गेले. कुणी सांगितलं होतं? खालून घेता आलं असतं. गेले, आणि आवाज फाटला. सबंध मांडवात ऐकू गेला. खोचऱ्याच्या पखवाजवाल्याने मान खाली घातली, सभ्य माणूस. मी झांज सोडली नाही. आमचा पखवाज अजून बुवा गायच्या आधीचा साधा ठेका वाजवत होता. त्याला या फाटण्याचा पत्ताच नव्हता. बुवा घाम पुसत पुढच्या ओळीत शिरले:

"बोलावण्याआधी आली, ती नव्हे लेक खरी!"

आणि या ओळीखाली मागच्या ओळीची साथ येऊन पोचली. ठेका चालत आला, चालत आला, आणि जिथे बुवांचा आवाज फाटला होता त्या जागी वैजूचा हात थांबला. मात्रा रिकामी सोडली तिने. कणकेच्या ओल्या तोंडावर तळवा नुसता टेकवला असावा, एवढा हलका हुंकार आला. आणि मग तिने अशी थाप दिली की मांडवाचे बांबू हलले. (बांबू हलले नाहीत म्हणणारे आहेत. ते मागे बसले होते.)

लोकांना तोवर एक फेरा मागे ऐकायचं म्हणजे काय ते कळलं नव्हतं. आता कळलं. पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "गो, तिना आयकलान!" आणि ते वाक्य मांडवभर पसरत गेलं. बुवांनी मग जे काही गायलं ते फाटकं होतं, खालच्या सुरातलं होतं, मध्ये दोनदा खोकला. वैजूही एकदा अडखळली आणि तिची अडखळ एका फेऱ्याने मागाहून येऊन पोचली तेव्हा बुवा गाता गाता हसले. खोचरेबुवा पेटीवर कोपर टेकून ऐकत राहिले. आपली पुढची ओळ रचायची विसरले, असं ते स्वतः सांगतात.

सामना कोणी जिंकला यावर आमच्याकडे आणि बिबवण्यात अजून भांडण आहे. ते असू दे.

मला सांगायचं आहे ते शेवटचं. बुवांनी गजर आटोपला. शेवटची ओळ घेतली, समेवर आले आणि थांबले. पेटी बंद. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले. बुवांनी आपला हात वर केला.

"रवा," ते म्हणाले. "वैजूचा येवचा आसा."

सगळा मांडव हात तसेच हवेत धरून थांबला. फक्त माझी झांज, अगदी हलकी. आणि मग पाटावरच्या डब्यातून पखवाज आला. कोणीच गात नव्हतं. बुवा ओठ मिटून बसले होते, आणि वैजू त्यांच्या संपलेल्या ओळीला साथ करत होती, शब्द न् शब्द सांभाळत, त्यांनी जिथे श्वास घेतला होता तिथे जागा सोडत. फेरा पुरा करून ती समेवर आली. बुवांनी मान हलवली.

टाळ्या झाल्या त्या मग. तिकडे वैजूचं वाजवून एक फेरा आधीच झालं होतं. ती कणकेने माखलेला हात मांडीवर ठेवून बसली असेल, आम्ही तिच्यापर्यंत पोचायची वाट बघत.